चौदा वर्षांचा शिपाई : एका संमतीपत्राचे प्रकरण

प्रकरणाची ओळख

१२ एप्रिल १९१५ रोजी मेलबर्नमध्ये एका मुलाने ऑस्ट्रेलियन इम्पीरियल फोर्सच्या, म्हणजे परदेशात लढायला पाठवल्या जाणाऱ्या ऑस्ट्रेलियन सैन्याच्या, भरतीच्या कागदावर आपले वय अठरा लिहवले. त्याचा जन्म ३ जानेवारी १९०१ चा, म्हणजे त्या दिवशी त्याला चौदा वर्षे पुरी होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. सोबत पालकांची लेखी संमती होती. कागद पुरे होते, मुलगा धडधाकट होता आणि सैन्याला माणसे हवी होती, त्यामुळे तो भरती झाला. सहा महिने आणि तेरा दिवसांनी, तुर्कस्तानातील गॅलिपोली या द्वीपकल्पाच्या किनाऱ्याजवळ उभ्या असलेल्या एका इस्पितळ-जहाजावर तो वारला.

त्याचे नाव येथे दिलेले नाही. पहिल्या महायुद्धात मरण पावलेला ऑस्ट्रेलियाचा सर्वांत लहान ज्ञात सैनिक म्हणून त्या देशात ते नाव प्रसिद्ध आहे, परंतु प्रसिद्धी हा या लेखाचा विषय नाही. एकामागून एक घेतले गेलेले निर्णय हा आहे. सैन्याच्या कागदपत्रांत तो ‘प्रायव्हेट’, म्हणजे साधा शिपाई, आहे. या लेखात त्याला ‘मुलगा’ म्हटले आहे, कारण या प्रकरणात सतत डोळ्यांसमोर ठेवायला हवी होती ती तेवढीच एक गोष्ट होती.

पार्श्वभूमी

मुलाचा जन्म न्यू साउथ वेल्समधील टोकमवॉल या गावचा असला, तरी तो वाढला मेलबर्नच्या हॉथॉर्न या उपनगरात. सहा भावंडांत तो एकटा मुलगा, बाकी पाच बहिणी. शाळा सोडून तो शेतावर मजुरी करत होता, त्यामुळे अंगाने वयाच्या मानाने थोराड झालेला असणार. बंदूक आणि कवायत या गोष्टी त्याला परक्या नव्हत्या. ऑस्ट्रेलियात १९११ पासून सक्तीच्या लष्करी शिक्षणाची योजना लागू होती आणि तीत मुलांना बाराव्या वर्षापासूनच कॅडेट म्हणून घेतले जात असे. बारा वर्षांच्या मुलाला गणवेशाची सवय लावणारे शासन चौदाव्या वर्षी त्याला सैन्यात जावेसे वाटले म्हणून आश्चर्य करू शकत नाही, हे येथेच नोंदवून ठेवलेले बरे.

वडिलांनी आधी स्वतः भरती होण्याचा प्रयत्न केला होता. ते नाकारले गेले. घरातून कोणी तरी जायला हवे आणि वडील जाऊ शकत नाहीत तर मी जातो, अशी मुलाची भूमिका होती. एकुलत्या एका मुलाने वडिलांच्या जागी उभे राहण्याची ही ओढ आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही.

भरतीचे नियम कागदावर स्पष्ट होते. सैन्य पूर्णपणे स्वयंसेवकांचे होते. परदेशातील लढाईसाठी सक्तीची भरती करण्याचा प्रस्ताव पुढे १९१६ आणि १९१७ साली जनमताला टाकला गेला आणि दोन्ही वेळा फेटाळला गेला. एकवीस वर्षांवरील पुरुषाला स्वतःच्या सहीने दाखल होता येत असे, तर अठरा ते एकवीस या वयोगटाला पालकांची लेखी संमती लागे. मात्र जन्माचा दाखला मागण्याची पद्धत नव्हती. अर्जावर वय विचारले जाई, अर्जदार सांगे आणि कारकून लिहून घेई. वैद्यकीय तपासणी होई ती उंची, छाती, दृष्टी यांची, आणि वय कोणत्याही फूटपट्टीने मोजता येत नाही.

एक तारीख लक्षात ठेवावी. मुलगा भरती झाला तेव्हा ऑस्ट्रेलियन सैन्याने गॅलिपोलीवर पाऊल ठेवले नव्हते. ते २५ एप्रिलला, तेरा दिवसांनी घडले. संमतीवर सही झाली त्या आठवड्यात मेलबर्नच्या वर्तमानपत्रांत मृतांच्या लांबलचक याद्या यायला लागलेल्या नव्हत्या. युद्ध म्हणजे बँड, बंदरावरचा निरोप आणि इजिप्तच्या छावणीतून आलेली पत्रे, एवढेच त्या घराला ठाऊक होते.

पेच

आईचा विरोध होता. तेव्हा मुलाने धमकी दिली की, संमती मिळाली नाही तर मी पळून जाईन, दुसऱ्या नावाने भरती होईन आणि तुम्हाला एकही पत्र लिहिणार नाही.

ही धमकी पोकळ नव्हती. जन्माचा दाखला लागत नव्हता, म्हणजे नावाचा पुरावाही लागत नव्हता, आणि खोट्या नावाने दाखल झालेले सैनिक त्या युद्धात अनेक होते. अशा सैनिकाचे जवळचे नातलग म्हणून जे नाव नोंदवले जाई ते बहुधा तसेच बनावट असे. तो जखमी झाला तर कळवायला कोणी नाही, मेला तर तार पाठवायला पत्ता नाही, आणि घरच्यांनी चौकशी केली तर त्या नावाचा माणूसच सैन्यात नाही. मुलाने आईपुढे ठेवलेला प्रश्न ‘जाऊ की नको’ असा नव्हताच. मी कुठे आहे हे तुला कळावे की न कळावे, एवढाच निर्णय त्याने तिच्यावर सोडला होता. चौदाव्या वर्षी त्याने ही मांडणी किती विचारपूर्वक केली असेल ते सांगता येत नाही, पण त्या मांडणीला उत्तर देणे अवघड होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नकार देऊन त्याला घरात धरून ठेवण्याचा होता. मिळवता झालेला, शेतावर राहून काम करणारा मुलगा किती दिवस धरून ठेवणार, हा प्रश्न होताच.

दुसरा पर्याय भरती कार्यालयात जाऊन त्याचे खरे वय सांगण्याचा. हा पर्याय दिसतो तितका उपयोगी नव्हता, कारण मुलगा दुसऱ्या नावाने दुसऱ्या केंद्रावर, किंवा दुसऱ्या राज्यात जाऊन उभा राहिला असता, तर आधीची सूचना तेथपर्यंत पोहोचण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती.

तिसरा पर्याय अट घालून संमती देण्याचा होता : स्वतःच्या नावाने जा, आणि पत्र लिहीत राहा. आईवडिलांनी हा पर्याय घेतला. इकडे आड तिकडे विहीर अशा जागी त्यांनी निदान दोर हातात राहील ती बाजू निवडली. यात एक गोष्ट मात्र उघड आहे. मुलगा अठराचा आहे या असत्यावर त्यांच्या संमतीने शिक्कामोर्तब झाले. भरती अधिकाऱ्याला वयाविषयी शंका आली असती, तरी ती मिटवायला आता पालकांचाच कागद तयार होता.

चौथा पर्याय त्या दिवशी कोणाच्या डोळ्यांसमोर असेल असे वाटत नाही, पण प्रकरणाचा अभ्यास करताना सर्वांत जास्त खटकतो तो हाच. आज सही द्यायची, मुलाला खऱ्या नावाने नोंदू द्यायचे, आणि जहाज सुटण्याआधी जन्माचा दाखला घेऊन छावणीत जायचे. वय खोटे असल्याचे पुराव्यासह दाखवून पालकांनी अल्पवयीन मुलाला परत मागता येत असे आणि अशी मुले परत पाठवली गेल्याची उदाहरणे आहेत. खऱ्या नावाने भरती झाल्यामुळे तो कोणत्या पलटणीत, कोणत्या छावणीत आहे हे घरच्यांना नेमके माहीत होते.

पुढे काय घडले

भरती आणि प्रयाण यांच्यामध्ये ७७ दिवस होते. मुलगा ब्रॉडमेडोज आणि सेमूर येथे शिक्षण घेत होता. ही दोन्ही ठिकाणे व्हिक्टोरिया राज्यातलीच. या ७७ दिवसांत परिस्थिती पूर्ण पालटली. मे महिन्याच्या आरंभी गॅलिपोलीच्या मृतांच्या आणि जखमींच्या याद्या छापून येऊ लागल्या. सहीच्या वेळी जे माहीत नव्हते ते आता रोज सकाळी दारात पडत होते. तरीही वातावरण मागे ओढणारे नव्हते. उलट त्या बातम्यांनी भरतीला जोर आला आणि जुलै १९१५ या एका महिन्यात ३६,५७५ जण दाखल झाले, जो संपूर्ण युद्धातला सर्वाधिक आकडा आहे. अशा दिवसांत ‘आमचा मुलगा परत द्या’ म्हणून छावणीच्या दारात उभे राहणे किती कठीण असेल, याची कल्पना करता येते. शिवाय दिलेला शब्द मोडला असे मुलाला वाटले असते आणि धमकीचा दुसरा भाग, म्हणजे खोटे नाव आणि अबोला, पुन्हा जिवंत झाला असता. पालक गेले नाहीत. २८ जूनला २१ व्या बटालियनच्या पहिल्या कुमकेसोबत ‘बेरिमा’ या जहाजातून मुलगा निघाला.

इजिप्तहून पुढचा प्रवास ‘साऊथलँड’ या जहाजाने होता. २ सप्टेंबरच्या सकाळी गॅलिपोलीजवळच्या लेम्नॉस या ग्रीक बेटाजवळ यूबी-१४ या जर्मन पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो मारला. जहाज बुडाले नाही. सैनिकांतून पुढे आलेल्या स्वयंसेवकांनी बॉयलरखाली कोळसा घालत ते लेम्नॉसवरच्या मुद्रोस बंदरापर्यंत नेले. पण सुमारे चाळीस जण दगावले आणि त्यांत सहाव्या ब्रिगेडचे प्रमुख कर्नल रिचर्ड लिंटन हेही होते, जे पाण्यात राहिल्यामुळे वारले. मुलगा चार तास समुद्रात होता. त्यानंतर सहा दिवसांनी, ८ सप्टेंबरला, तो गॅलिपोलीच्या खंदकात होता.

या सहा दिवसांपाशी थोडे थांबले पाहिजे. प्रौढ कर्नलचा जीव ज्याने घेतला त्या पाण्यातून चार तासांनी बाहेर काढलेल्या प्रत्येक माणसाकडे एखाद्या अधिकाऱ्याने किंवा डॉक्टराने पाहिले असेलच. ओल्या कपड्यांत, टोपीशिवाय, दाढीमिशीचा मागमूस नसलेला चेहरा घेऊन उभा असलेला मुलगा चौदाचा दिसला नसेल, पण अठराचा तरी दिसला असेल का? कोणी विचारले असते, तर लेम्नॉसवर तळ होता, इस्पितळे होती, मागच्या फळीतील शेकडो कामे होती. त्याला गॅलिपोलीवर न पाठवता तेथेच ठेवणे हा एका सहीचा विषय होता. भरती केंद्राने पालकांच्या कागदावर विश्वास ठेवला, छावणीने भरती केंद्राच्या कागदावर, आणि बटालियनने छावणीच्या. प्रत्येकाने आधीच्याने पाहिले असेल असे धरले आणि स्वतः पाहिले नाही.

खंदकातले सात आठवडे

२१ वी बटालियन गॅलिपोलीला पोहोचली तेव्हा मोठ्या चढाया संपल्या होत्या. ऑगस्टचे हल्ले फसले होते आणि दोन्ही बाजू आपापल्या खंदकांत चिकटून बसल्या होत्या. त्यामुळे त्या बटालियनचा गॅलिपोलीतला काळ तुलनेने शांत समजला जातो. मुलाने घरी लिहिले की तुर्क आमच्यापासून सुमारे सत्तर यार्डांवर आहेत, आणि माझे उत्तम चालले आहे, काळजी करू नका. सत्तर यार्ड म्हणजे चौसष्ट मीटर, क्रिकेटच्या सीमारेषेएवढे अंतर.

खरा धोका त्या चौसष्ट मीटरांपलीकडे नव्हता. डोंगराच्या कडेला चिकटलेल्या अरुंद पट्ट्यात हजारो माणसे दाटीने राहत होती. शौचाच्या चरी, न पुरलेली प्रेते, खेचरांची लीद आणि माणसांचे अन्न यांच्यामध्ये काही पावलांचे अंतर होते आणि ते अंतर माश्या दिवसभर कापत होत्या. बिस्किटाला मुरंबा लावून तो तोंडापर्यंत नेईतो त्यावर माश्यांचा थर बसे, अशी वर्णने तिथून परतलेल्यांनी वारंवार केली आहेत. पाणी जहाजाने येई आणि किनाऱ्यावरून खेचरांच्या पाठीवर वर चढे. ही खेचरे हाकणारे बहुतेक भारतीय होते, आणि ऑस्ट्रेलियन खंदकांत पोहोचलेल्या पाण्याचा मोठा भाग या भारतीय खेचरदळाच्या हातून गेलेला होता. पिण्यापुरतेच पाणी जेथे मोजून मिळते तेथे हात धुणे ही चैन ठरते. गॅलिपोलीतून हलवावे लागलेल्यांत जखमींपेक्षा आजारी अधिक होते, यात नवल नाही.

मुलाला टायफॉईड, म्हणजे विषमज्वर झाला. त्याने सुमारे दोन आठवडे ते अंगावर काढले आणि डॉक्टरांकडे जाण्यास नकार दिला.

हा मुलाने स्वतः घेतलेला दुसरा मोठा निर्णय होय, आणि वैद्यकीय दृष्टीने प्रकरणातला सर्वांत निर्णायक क्षण हाच आहे. तापावर थेट लागू पडणारे औषध तेव्हा नव्हते. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक वापरात आले ते १९४८ नंतर. पण म्हणून टायफॉईड म्हणजे मृत्यूच, असेही नव्हते. अंथरुणात पूर्ण विश्रांती, पातळ आहार आणि चांगली शुश्रूषा मिळाली तर त्या काळीही बहुसंख्य रुग्ण वाचत. या आजारात पहिले दोन आठवडे शरीर झुंजते आणि त्यानंतर आतडे किंवा हृदय दगा देण्याची भीती वाढते. ते दोन आठवडे मुलाने अंथरुणात नव्हे, खंदकात, पहारे देत आणि ओझी वाहत काढले.

त्याने नकार का दिला याचे उत्तर कागदांत नाही. खंदकात पोट बिघडलेले नाही असा माणूस शोधावा लागे, त्यामुळे आपला आजार वेगळा आहे हे कदाचित त्याला कळले नसेल. आजारी म्हणून नाव देणे म्हणजे सोबत्यांवर आपला पहारा टाकणे, ही भावना तेथे प्रबळ होती. आणि एक शक्यता अशीही मनात येते, केवळ शक्यता म्हणून, की कपडे उतरवून डॉक्टरासमोर उभे राहण्याची भीती अठराच्या मुलाला नसते तितकी चौदाच्या मुलाला असते.

पत्रे

या प्रकरणाचा गाभा एका सौद्यात आहे : संमतीच्या बदल्यात पत्रे. मुलाने आपली बाजू पाळली आणि तो लिहीत राहिला. पण आपल्याला घरून एकही पत्र मिळाले नसल्याचे तो लिहितो. कुटुंब लिहीत नव्हते असे नव्हे. ऑस्ट्रेलियाहून निघालेली टपाल-बोट काही आठवड्यांनी इजिप्तला पोहोचे, तेथे पत्रे निवडून वेगळी केली जात आणि माणूस ज्या तुकडीत असेल तेथे धाडली जात. कुमकेतला, छावणीतून बटालियनमध्ये गेलेला, मध्येच जहाज फुटून बेटावर उतरलेला आणि मग आघाडीवर गेलेला सैनिक त्या टपालाच्या कायम एक मुक्काम पुढे राहिला. दोर हातात राहावा म्हणून आईने सही दिली होती. तो एकाच बाजूने ताणलेला राहिला.

परिणाम

२५ ऑक्टोबरला संध्याकाळी त्याला किनाऱ्यावरून ‘ग्लेनआर्ट कॅसल’ या इस्पितळ-जहाजावर आणले गेले. दोन तासांच्या आत, हृदय बंद पडून, तो वारला. तेव्हा त्याचे वय चौदा वर्षे नऊ महिने होते आणि गॅलिपोलीवर त्याने ४७ दिवस काढले होते. त्याला समुद्रात दफन केले गेले.

दुसऱ्या दिवशी जहाजावरच्या मेट्रनने, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखाने, त्याच्या आईला पत्र लिहिले. जहाजावर येताच त्याला नीट झोपवले होते, आता बरेच बरे वाटते असे तो म्हणाला, त्याच्यासाठी जे केले त्याबद्दल त्याने सिस्टरचे मनापासून आभार मानले, मग शांत झोपावे म्हणून तो अंग टाकून पडला आणि एकाएकी गेला, अशा आशयाचे ते पत्र आहे. दुःख हलके करण्यासाठी अशी पत्रे जरा मऊ हाताने लिहिली जात हे खरे, तरी सिस्टरचे आभार मानण्याचा तपशील उगाच सुचणारा नाही.

आईवडिलांच्या निर्णयाचे मोजमाप येथे दोन प्रकारे करावे लागते. मुलगा वाचावा म्हणून तो निर्णय असेल तर तो फसला. पण तो त्यासाठी नव्हताच. मुलगा हरवू नये म्हणून तो होता. आणि त्या अर्थी, कितीही कडवट असले तरी, तो साधला असे माझे मत आहे. खोट्या नावाने गेला असता तर मेट्रनचे पत्र कोणत्या घरी गेले असते? गॅलिपोलीवरच्या लोन पाईन येथील स्मारकावर, ज्यांना ज्ञात थडगे नाही किंवा ज्यांना समुद्रात दफन केले अशा ४,९०० हून अधिक जणांची नावे आहेत. त्यांत या मुलाचे नाव त्याच्या खऱ्या नावानेच कोरलेले आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त उपाय भरतीच्या टेबलावर होता. जन्मनोंदणी असलेल्या देशात दाखला मागणे अशक्य नव्हते. त्याने भरती मंदावली असती, आणि नेमकी म्हणूनच ती अट घातली गेली नाही. संमतीपत्र मागण्याचा नियम अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी होता, पण पुराव्याशिवाय मागितलेल्या संमतीने उलटेच काम केले : मुलाच्या खोट्याची जबाबदारी सैन्याच्या खांद्यावरून घराच्या खांद्यावर सरकली.

पालकांसाठी ७७ दिवसांची खिडकी उघडी होती. तिचा उपयोग झाला नाही याबद्दल शंभर वर्षांनंतर दोष देणे सोपे आहे, म्हणून मी तो देणार नाही. एवढेच म्हणता येईल की एप्रिलमध्ये अपुऱ्या माहितीवर घेतलेला निर्णय मे महिन्यात नव्या माहितीच्या उजेडात पुन्हा उघडायला हवा होता, आणि तो उघडण्याचे ओझे फक्त घरच्यांवर असायला नको होते. प्रयाणापूर्वी अठरा ते एकवीस या वयोगटाची एक फेरतपासणी झाली असती, तर तेवढे पुरले असते.

खंदकात उपाय आणखी साधा होता. आजारी माणसाने स्वतःहून नाव देण्याची वाट न पाहता सार्जंटने रोज माणसे पाहायची आणि ज्याचे पोट दोन-चार दिवसांत थांबत नाही त्याला जबरदस्तीने खाली पाठवायचे. दोन आठवडे ही मुभा एखाद्या चौदा वर्षांच्या मुलाच्या निश्चयावर सोडणे ही चूक त्याची नव्हती. अर्थात तो बरा झाला असता तर पुढचा मुक्काम सुरक्षित होता असेही नाही. डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियन सैन्य गॅलिपोलीवरून हलवले गेले, २१ वी बटालियन फ्रान्सला गेली, आणि १९१६ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ती तेथे पोझियर्सच्या लढाईत उतरली. तेव्हा तो पंधरा वर्षांचा असता.

सशस्त्र संघर्षातील बालकांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा ऐच्छिक पूरक करार २००० साली स्वीकारला गेला. अठरा वर्षांखालील सैनिकांनी लढाईत थेट भाग घेऊ नये यासाठी शक्य ते सर्व करणे त्याने राष्ट्रांवर बंधनकारक केले आणि स्वेच्छेने दाखल होणाऱ्या अल्पवयीनांच्या बाबतीत पालकांच्या संमतीबरोबरच वयाचा खात्रीशीर पुरावाही आवश्यक ठरवला. ऑस्ट्रेलियाने त्याला २००६ मध्ये मान्यता दिली.

मुलाची पत्रे कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये जपून ठेवली आहेत. शेवटच्या पत्रावर ऑक्टोबर १९१५ च्या पूर्वार्धातली तारीख आहे. तोपर्यंत घरचे एकही उत्तर त्याच्या हाती पडलेले नव्हते.